गुरुवारचे दात

गुरुवारी शाळा नंबर चारच्या पडवीत
म्युनिसिपालटीचा दातांचा दवाखाना भरायचा.
एक खुर्ची, न्हाव्याकडून भाड्यानं आणलेली,
पायानं फिरवायचं एक यंत्र, शिंप्याच्या मशीनचं थोरलं भावंड,
लवंगेच्या तेलाची बाटली,
आणि मी, महिना नऊ रुपयांवर,
डोकी धरायला.

होरमसजी डॉक्टरांची मराठी
अर्धी सुरतेहून आलेली.
"मोटा तोंड उघड, दीकरा, अजून मोटा,
आख्खी गोदावरी दिसली पायजे."
पोरं हसायची. हसली की सापडायची.

पलीकडे तांबट आळीत दिवसभर ठोके,
हंडे, घंगाळी, लग्नाची पातेली.
पोर किंचाळलं तरी रस्त्यावर ऐकू जायचं नाही.
मास्तर म्हणायचे, जागा बघूनच निवडलीय.

तिसरीतला येसू भोई यंत्र बघून पळाला,
तो सुंदरनारायणाच्या पायऱ्यांवर सापडला.
धरून आणला, तर दातखीळ.
मी हळूच म्हटलं, उघड रे, गुळाचा खडा देते.
डॉक्टर थांबले. "बाई, तू माझी नोकर
का किडीची?"
तेवढ्यात येसू पुन्हा पसार.

दुपारनंतर आयांची पाळी.
पोटुश्या, ओल्या बाळंतिणी, एक कडेवर, एक बोटाला.
दर बाळंतपणाला एक दाढ जाते म्हणायच्या,
घरभाडं सांगावं तसं.

गोजराबाई कासाराला सातवा महिना, पाचवी खेप.
डॉक्टरांनी आकडी लावून
दातवणाचा काळा थर खरवडायला घेतला,
तशी तिनं त्यांचं मनगट धरलं.
"काळं काढू नका.
घरात मालक जिवंत आहेत."

होरमसजींना कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं.
मी काय सांगणार?
माझे दात एकोणिसाव्या वर्षापासून पांढरे.
राखेनं घासलेले, एकाला कीड नाही.
आरसा नसला तरी मला ठाऊक आहे कसे दिसतात,
बाया बघतात ना.
गोजराबाई बघत होती.
मी तोंड मिटलं.
मग मिटल्या तोंडानंच म्हटलं,
पुढचे राहू द्या, डॉक्टर. दुखती दाढ तेवढी घ्या.

तीन मुळांची निघाली.
ती ओरडली नाही, माझा पदर तेवढा पिळत राहिली.
नेमके तेव्हाच तांबट जेवायला उठलेले,
आणि पडवी इतकी शांत
की दाढ वाटीत पडली ते सगळ्यांना ऐकू आलं.

दाढ मागून घेतली तिनं. दारातून परत आली.
"ही रामकुंडात सोडायची का गं?
तिथं अस्थी विरतात म्हणे.
पण ज्याची, ते माणूस अजून चालतंय."
तुळशीत पुर, मी म्हटलं.
"तुळशीत पोरांचे. दुधाचे. ते पुन्हा येतात."
कुठल्या भटजीला विचारावं
हे आम्हा दोघींनाही सुचेना.
शेवटी तिनं ती माझ्या हातात ठेवली,
उष्टं ताट ठेवावं तशी नव्हे, उसनी वाटी परत करावी तशी.

दात उकिरड्यावर टाकायचा हुकूम होता.
मी वाटी घेऊन नदीवर गेले.
लांबलांबचे लोक मडकी घेऊन रेल्वेनं इथं येतात,
मंत्र, दक्षिणा, मुंडण.
मी कुंडाच्या जरा खाली, गुडघाभर पाण्यात,
वाटी उलटी केली.
पोरांचे दात लाह्यांसारखे,
आणि गोजराबाईची दाढ, अर्धी काळी,
सवाष्ण.
मंत्र येत नव्हता. नावं येत होती, ती घेतली.

एवढ्यात पाण्यातून डोकं वर आलं.
येसू. यात्रेकरूंचे पैसे वेचत होता.
मला बघून दचकला, पण हात पोहायला हवेत
म्हणून पैसा धरला होता गालात.
घाटावर बायामाणूस कुणी नव्हतं.
मी हसले, चांगली तोंडभर.

पैसा डाव्या गालात होता.
म्हणजे उजवीकडची दुखते.
"गुरुवारी ये," मी ओरडले,
पण तो पुन्हा बुडी मारून गेला होता.